शिल्पकार रामकिंकर आणि बिगाऱ्याचा पुतळा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही मजुरीचे दर, अपघाताची भरपाई किंवा फार तर नवे कामगार कायदे यांवर बोलू असा त्यांचा समज होता. आम्ही ‘एक शिल्पकार’ असा विषय कळवला, तेव्हा त्यांनी पुन्हा निरोप पाठवून विषय हाच ना, अशी खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. आम्ही कलेचे जाणकार नव्हे. सातवीत शाळा सुटली, चौदाव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून उभे राहिलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते कलेच्या पंडिताचे बोलणे नव्हे. ज्याने सिमेंट कालवले आहे अशा माणसाने सिमेंटचे पुतळे पाहिले, तेव्हा त्याला काय दिसले, एवढाच या व्याख्यानाचा विषय.

पण आम्ही त्या पुतळ्यांपाशी पोचलो कसे, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावात एका इमारतीचा स्लॅब कोसळला. आमच्या युनियनची दोन माणसे गेली. एक गवंडी आणि एक बिगारीण. इमारत कोणाची, ठेकेदार कोण, हे आज काढत नाही. ते भांडण वेगळ्या ठिकाणी चालले आहे. त्यानंतर आमच्या सभेत ठराव झाला की मजूर नाक्यावर या दोघांचे स्मारक म्हणून कामगाराचा पुतळा उभारावा. ठराव एकमताने झाला आणि एकमत तिथेच संपले. तरुण कार्यकर्ते म्हणाले, मूठ वळून हात उंचावलेला कामगार हवा. काहींना हातोडा हवा होता. एका दानशूर गृहस्थांनी ब्राँझचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की चबुतऱ्यावर त्यांच्या वडिलांचे नाव असावे. आम्ही स्वतः मुठीच्या बाजूचे होतो. आमच्या पावतीपुस्तकावर, झेंड्यावर, भिंतीवर मूठच आहे. तेव्हा पुतळ्याला दुसरे काही असू शकते हे आमच्या डोक्यातच आले नव्हते.

त्या सभेत मागे बसलेली एक म्हातारी बिगारीण उठली. मेलेली बाई तिच्याच जोडीने काम करीत असे. ती म्हणाली, “भाऊ, मूठ करा नाही तर काय बी करा. पर तिनं मूठ वर केली ती मोर्चाच्या दिवशी, दोनदा. घमेलं मात्र तीस वर्सं वर केलं. ते कुठं दिसायचं?”

सभेत कोणी बोलले नाही. ठराव तहकूब झाला. त्यानंतर बांधकाम मजुरांच्या एका अधिवेशनासाठी आम्हा चौघांना कोलकात्यास जावे लागले. तिथल्या एका बंगाली सोबत्याला आम्ही हा तंटा सांगितला. तो म्हणाला, हावड्याहून बोलपूरला अडीच-तीन तासांत जाता येते. घरी जाण्यापूर्वी शांतिनिकेतनात जा आणि रामकिंकरबाबूंची कामे पाहा. रवींद्रनाथांच्या आश्रमात घमेल्यावाल्यांचे काय काम, असे मनात आले, पण गेलो.

रामकिंकर बैज यांचा जन्म 1906 साली बंगालमधल्या बांकुडा या गावी एका न्हावी कुटुंबात झाला. पुष्कळ लोक त्यांना संथाळ आदिवासी समजतात, कारण त्यांच्या शिल्पांत संथाळ फार आहेत. पण ते संथाळ नव्हते. गरीब मात्र होते. लहानपणी मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांच्या दारात बसून त्यांनी मातीचे काम डोळ्यांनी शिकून घेतले. पोरवयात नाटकांचे पडदे रंगवले. असहकाराच्या चळवळीत मिरवणुकांसाठी पुढाऱ्यांची चित्रे काढली. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर ते चळवळीचे फलक रंगवणारे पोर होते. असे पोर प्रत्येक युनियनच्या कचेरीत असते. सभा संपली की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बांकुड्याचेच एक थोर संपादक, ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे रामानंद चट्टोपाध्याय, यांनी मात्र पाहिले आणि 1925 साली त्यांना शांतिनिकेतनच्या कलाभवनात पोचवले.

तिथे नंदलाल बोस गुरू होते. असे सांगतात की नंदलालबाबूंनी या मुलाची चित्रे पाहिली आणि म्हटले की तुला तर सगळे येतेच, तरी आलाच आहेस तर दोन-तीन वर्षे राहा. रामकिंकर म्हातारपणी म्हणत की ती दोन-तीन वर्षे अजून संपलेली नाहीत. खरोखरच ते तिथेच राहिले. शिकले, मग शिल्पकलेचे अध्यापक झाले आणि 1971 साली तिथूनच निवृत्त झाले. बडोद्यास पुढे नावारूपाला आलेले शंखो चौधुरी हे त्यांचेच शिष्य.

आता त्यांच्यावर संस्कार कोणाचे, हा प्रश्न येतो. 1930च्या सुमारास शांतिनिकेतनात दोन परदेशी शिल्पकार स्त्रिया येऊन गेल्या. व्हिएन्नाच्या लिझा फॉन पॉट आणि इंग्लंडच्या मार्गरीट मिलवर्ड. मिलवर्डबाई पॅरिसच्या बूर्देल यांच्या शिष्या, आणि बूर्देल हे रोदँ यांच्या कार्यशाळेत काम केलेले. तेव्हा बंगाली खेड्यातल्या या मुलापर्यंत पॅरिसचा वारसा दोन हातांतून पोचला. बूर्देलचा दणकटपणा त्यांच्या कामात आहे, युरोपातल्या नव्या चित्रकारांनी आकार मोडून पुन्हा जुळवला त्याचीही ओळख त्यांना होती, असे जाणकार म्हणतात, आणि ते आम्ही मान्य करतो.

पण आमच्या गवंडी सोबत्याने पुतळ्यापाशी उभे राहून वेगळीच गोष्ट दाखवली. बंगालमध्ये दुर्गेची मूर्ती करतात ती आधी बांबूचा सांगाडा बांधतात, त्यावर पेंढा आवळतात आणि मग मातीचे थर चढवतात. रामकिंकरांनी बांबूच्या जागी लोखंड घातले आणि मातीच्या जागी सिमेंट. रीत तीच. सोबती म्हणाला, “पॅरिस राहू द्या, हा माणूस कुंभारवाड्यातला आहे.” आम्हाला वाटते दोन्ही खरे आहे. आमच्या युनियनलाही लोक म्हणतात की हे विलायती खूळ आहे. कल्पना कुठून आली याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. ती इथल्या मातीत उभी राहते की नाही, एवढे पाहतो.

आता सामग्रीविषयी. पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवर येतो किंवा ब्राँझ येते. आपल्याकडे करमरकरांनी केलेला पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा 1928 सालचा, ब्राँझचा. अशा कामाला राजाश्रय लागतो, भट्टी लागते, कारखाना लागतो. खुद्द करमरकरांनीसुद्धा अलिबागजवळ सासवण्यास घरी बसून आजूबाजूची माणसे आणि जनावरे घडवली ती बरीचशी सिमेंटमध्येच. रामकिंकरांजवळ पैसा नव्हता. शांतिनिकेतनच्या आसपास कोरण्याजोगा दगडही नव्हता. होते ते तांबडे माळरान. तिकडे त्याला खोआई म्हणतात. पावसाने चिरत गेलेली ती लाल जमीन म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याचीच बहीण. त्या जांभ्याची बारीक खडी आणि सिमेंट, एवढ्यावर त्यांनी काम काढले. ओला माल हाताने सळयांच्या सांगाड्यावर मारायचा, आणि तो घट्ट होत आला की छिन्नीने तासायचा.

ज्यांनी सिमेंट हाताळले आहे त्यांना यातली अडचण ताबडतोब कळेल. माती कितीही वेळ चिवडता येते, सिमेंट वाट पाहत नाही. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात लावून मोकळे व्हावे लागते. चुकले तर फोडणे आले. उलट्या अंगावर, काखेखाली, हनुवटीखाली माल टिकत नाही, गळून पडतो. म्हणून घाई करावी लागते आणि घाई झाली की बोटांचे ठसे राहतात. रामकिंकरांनी ते ठसे गिलावा करून झाकले नाहीत. अंगभर खडी दिसते, थापटलेले दिसते. आम्ही जवळ गेलो तेव्हा आमच्यातल्या एकाने नकळत हात पुढे केला आणि म्हणाला, “माल जरा कोरडा मारलाय.” कलाभवनाच्या आवारात अशी टीका पूर्वी झाली असेल असे वाटत नाही. पण आम्हाला त्याचे मोल वाटले. आयुष्यभर आम्ही जे हाताळले, ज्याला गिऱ्हाईक शेवटी रंगाखाली झाकून टाकते, तेच इथे उघडे, झाकलेले नव्हे. याच्या मापाने आम्ही काही बोलू शकत होतो.

1938 साली त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभे केले. भारतातल्या आधुनिक सार्वजनिक शिल्पांत पहिला मान पुष्कळ जाणकार त्याला देतात. त्यात आहे काय? एक पुरुष, एक बाई, पोर आणि कुत्रे. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, कावडीच्या टोपलीत मूल बसवले आहे. बाईच्या डोक्यावर ओझे आहे. कुत्रे पायांत घोटाळत बरोबर निघाले आहे. कामाच्या शोधात बिऱ्हाड निघाले आहे, एवढेच. माणसे हाडामासापेक्षा मोठी आहेत, पण उंच चबुतऱ्यावर चढवलेली नाहीत. आपल्याच जमिनीवरून चालत ती आपल्या अंगावर येतात.

आम्ही चौघेही गप्प झालो. कारण हे बिऱ्हाड आम्ही दर दिवाळीनंतर आपल्या एस्. टी. स्टँडवर उतरताना पाहतो. बीडकडून येते, जालन्याकडून येते, विजापूर-गुलबर्ग्याकडून येते. कावडीऐवजी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतात, त्यांत भांडी असतात. आम्ही त्यांची नावे लिहून घेतो. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला, फोटो, अंगठा असे अर्ज 1996च्या बांधकाम कामगार कायद्याखाली आम्ही वर्षानुवर्षे भरले. किती भरले ते आम्ही अभिमानाने अहवालात छापतो. पण ती माणसे चालतात कशी, बाई ओझे तोलताना मान कुठे ठेवते, हे आम्ही कधी पाहिले होते काय? आमच्याच माणसांकडे आम्ही आकडा म्हणून पाहिले आणि मोर्चाच्या दिवशी मूठ म्हणून पाहिले. त्या म्हातारीने सभेत हेच विचारले होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संथाळांनी 1855 साली सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध मोठा उठाव केला. सिदू आणि कान्हू हे त्यांचे पुढारी. हा इतिहास त्याच मुलुखातला. रामकिंकरांना धनुष्य ताणलेला संथाळ करता आला असता आणि तो आम्हाला आवडलाही असता. त्यांनी कावडवाला केला. लढणाऱ्या माणसालाच मान द्यायचा आणि जगणाऱ्या माणसाला द्यायचा नाही, असा भेद त्यांनी केला नाही. आम्ही मात्र केला होता.

त्या शिल्पापासून जवळच 1956 सालचे दुसरे शिल्प आहे. त्याचे नाव ‘गिरणीची हाक’. भात सडण्याच्या गिरणीचा भोंगा झाला आहे आणि दोन संथाळ बाया कामावर धावत निघाल्या आहेत. अंगावरचे ओले लुगडे वाळवायला वेळ नाही, म्हणून त्यांचे पदर मागे वाऱ्यावर फडफडत आहेत. मागून एक पोर पळते आहे. सिमेंट आणि खडी हे जड सामान, पण ते कापड खरोखर उडते.

या शिल्पापुढे आमच्या चौघांत भांडण झाले, आणि ते परतीच्या गाडीत नागपूरपर्यंत चालले. आमचा एक सोबती म्हणाला, “हे काय म्हणून? भोंगा ही गुलामीची हाक. त्या हाकेला बाया हसतखेळत धावतात असे दाखवायचे? अंग पुसायला सवड देत नाही तो मालक कुठे आहे या पुतळ्यात?” प्रश्न खोटा नाही. आमचे वडील मुंबईस गिरणीत होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याला चाळीतून माणसे धावत ती कशी, हे आम्ही पाहिले आहे. उशीर झाला की फाटक बंद आणि दिवसाची मजुरी गेली. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि आमच्या घरात तो भोंगा कायमचा थांबला. वडिलांना परत घेतले नाही. आम्ही गावी आलो, शाळा सुटली. तेव्हा भोंग्याचे कौतुक आम्हाला कोणी सांगू नये.

तरीही आम्ही त्या सोबत्याला जे उत्तर दिले ते आज इथेही देतो. भोंग्याला धावत जाणारे आमचे वडील धावताना शेजाऱ्याशी थट्टा करीत. डबा एका हातात, सदऱ्याची गुंडी दुसऱ्या हाताने लावीत. गिरणीने त्यांचे आठ तास घेतले. ती थट्टा घेतली नाही. रामकिंकरांनी त्या बायांच्या अंगात तेवढे शिल्लक ठेवले आहे. मालक त्या पुतळ्यात नाही ही गोष्ट खरी, पण त्याची घाई प्रत्येक घडीत आहे. ज्याच्यापाशी असे काही शिल्लक असते तोच माणूस उद्या युनियनच्या सभेला येतो. पार पिचलेला माणूस सभेलाही येत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. सोबत्याला हे पटले नाही. नागपूरला तो उतरून चहा पिऊन आला आणि म्हणाला, “तरी मजुरीचा दर काय होता ते त्याने लिहायला हवे होते.” यालाही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रामकिंकरांनी नुसते सिमेंटच हाताळले असे मात्र नाही. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात यक्ष आणि यक्षी असे दोन अजस्र दगडी पुतळे आहेत, ते त्यांचेच. त्यासाठी दगड शोधत ते कांगडा खोऱ्यात बैजनाथपर्यंत गेले. तिथून लहान रूळमार्गाने दगड उतरवायचा म्हणजे केवढे संकट. त्यामुळे काम कित्येक वर्षे रेंगाळले आणि 1967च्या सुमारास पुरे झाले. मथुरा आणि कोलकाता इथल्या संग्रहालयांतल्या प्राचीन यक्ष-यक्षींचा अभ्यास त्यामागे आहे. यक्षाच्या हातात पैशाची थैली आहे आणि दातेरी चक्रही आहे. बँकेच्या दारात थैली असणारच. चक्राची आठवण शिल्पकाराला राहिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. यक्षी विवस्त्र म्हणून संसदेत एका सभासदाने तक्रार केली, असाही इतिहास आहे. ज्या देशात बाईला अंग झाकण्यापुरते कापड मिळावे म्हणून मजुरी मागावी लागते, तिथे दगडाच्या लज्जेची एवढी काळजी वाहणारे लोक आहेत, हे ऐकून आमच्या बिगारणी पोट धरून हसल्या.

रामकिंकरांना 1970 साली पद्मभूषण मिळाले. 1975 साली ऋत्विक घटक यांनी त्यांच्यावर चित्रपट घ्यायला घेतला, तो पुरा होण्यापूर्वीच घटक वारले. 1980च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात रामकिंकर गेले. त्यांच्या घराचे छप्पर गळत असे आणि पाणी अडवायला ते स्वतःची तैलचित्रे वर खोचून ठेवीत, ही गोष्ट फार सांगितली जाते आणि सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. आमचे डोळे भरत नाहीत. आम्हाला राग येतो. कलावंताने फाटके राहावे, मजुराने उपाशी राहूनही हसावे, आणि आपण त्याला फकिरी म्हणून ओवाळावे, हा व्यवहार सरळ नाही. गळके छप्पर ही काही कलेची सामग्री नव्हे. ज्यांना त्यांचे मोठेपण कळले होते त्यांनी आधी कौले फेरायला हवी होती.

आज त्या संथाळ कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर घातले आहे. 2023 साली शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत गेले. उन्हापावसात सिमेंट झिजते, आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, हे खरे. स्वस्त मालाची ही किंमत शेवटी द्यावी लागतेच. पण 1938 साली ब्राँझची वाट पाहत बसले असते, तर ते बिऱ्हाड अजून निघालेच नसते.

आता आमच्या पुतळ्याचे काय झाले ते सांगून रजा घेतो. परत आल्यावर आम्ही त्या दानशूर गृहस्थांना आदराने नकार कळवला. जमलेल्या वर्गणीतून पहिली रक्कम मेलेल्यांच्या मुलांच्या शाळेसाठी बाजूला काढली. आणि आमच्याच दोन गवंड्यांनी, युनियनच्या कचेरीमागच्या मोकळ्या जागेत, सळई वाकवून सांगाडा बांधला. घमेले डोक्यावर घेतलेली बाई. ती म्हातारी रोज संध्याकाळी येऊन बसे आणि सांगे, मान अशी नव्हे. ओझं असलं की मान ताठ असते, डोळे खाली पायाकडे असतात. पहिला पुतळा फुटला. मार्चच्या उन्हात वेळच्या वेळी पाणी मारले गेले नाही, आणि हे काम कोणाचे होते यावर सभेत पुन्हा भांडण झाले. दुसरा सांगाडा उभा आहे. कमरेपर्यंत माल चढला आहे.

नाक्यावर जागा मिळावी म्हणून नगरपालिकेकडे अर्ज दिला आहे. चबुतरा नको, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नकाशात चबुतरा नसेल तर परवानगीच्या कोणत्या रकान्यात बसवायचे, असा तिथल्या कारकुनांना प्रश्न पडला आहे. आपल्यापैकी कोणाचे तिथे वजन असेल त्यांनी शब्द टाकावा. बाकीच्यांनी एखाद्या संध्याकाळी कचेरीमागे यावे. पाणी मारायला माणसे कमी पडतात.